बॉलरूम धाटणीचं संगीत नाटक सोलापुरात: प्रेक्षकांचा आरडाओरडा बसवायचा कसा?

सातरस्ता
न्यूयॉर्कच्या 'कॅट्स: द जेलिकल बॉल'च्या क्लिप बघितल्या. 1981 चं लंडनचं जुनं संगीत नाटक, गाणी तीच, पण मांजरांच्या शेपट्या-मिशा गेल्या आणि त्या जागी हार्लेमची बॉलरूम आली, म्हणजे नाच आणि नखऱ्यांच्या स्पर्धांचा जलसा, त्यालाच 'बॉल' म्हणतात. मधोमध रॅम्प, दोन्ही बाजूंना लोक, हातातले पंखे फटाफट उघडतायत, गाणं चालू असतानाच ओरडतायत. ते नाटक नाही करायचं. त्या धाटणीचं नवं मराठी संगीत नाटक बसवायचंय, प्रेक्षक दीडशे.

अडचण अशी की आपल्याकडे लोक एकतर हाताची घडी घालून बसतात, नाहीतर शिट्ट्यांनी नाटकच पाडतात. तिथले लोक शिकवून बसवलेले असतात का? आणि एवढ्या गोंधळात गाण्याचे शब्द कसे पोचतात? हुतात्मा स्मृती मंदिर घ्यावं की एखादं मंगल कार्यालय?

ढोलकीचा_कान
शिकवलेले नसतात. ओरडायची जागा संगीतातच ठेवलेली असते. व्होगच्या, म्हणजे बॉलमधल्या नाचाच्या, ठेक्यात दर चौथ्या मात्रेवर झांजेसारखा एक मोठा आघात येतो. नाचणारा 'डिप' घेतो, म्हणजे पाठ मागे टाकून जमिनीवर उतरतो, तो नेमका त्या आघातावर. मिनिटाला 128 ठोके धरले तर दर दोन सेकंदांच्या आत एक आघात. दोन-चार आवर्तनांत लोकांना तो कळतो आणि पंखे आपोआप तिथेच वाजतात. तिहाई समेवर आली की मान हलते ना, तसंच.

बिघडतं कुठे? डिप अर्धी मात्रा उशिरा पडला की ओरडा पुढच्या ओळीवर सांडतो आणि ती ओळ गेली. म्हणून नाचाच्या आवर्तनात कथेचा शब्द ठेवायचाच नाही. कथा सांगणाऱ्या ओळींखालचा ठेका काढून टाका, नुसता खर्ज किंवा पेटी राहू द्या. ठेका थांबला की लोकही थांबतात. पंख्याचा फटकारा टोकदार असतो आणि तो नेमका व्यंजनांच्या पट्ट्यात बसतो, त्यामुळे माइक कितीही चढवा, 'स', 'त', 'च' ऐकू येत नाहीत. स्वर येतात, शब्द जातो.

पडद्यामागे
हुतात्मा नको. हॉल चांगला आहे, पण खुर्च्या पक्क्या आणि रंगमंच चौकटीचा. रॅम्प मधोमध येणार नाही, आणि प्रेक्षकांना समोरचे प्रेक्षक दिसले नाहीत तर निम्मा खेळ गेला. सुट्या खुर्च्यांचं कार्यालय घ्या.

8×4 फुटी आठ लेव्हल (लाकडी चौथरे) आडव्या लावा: 32 फूट लांब, 8 फूट रुंद. आठाच्या खाली जाऊ नका, डिपमध्ये माणूस आडवा होतो. उंची एक फूट पुरे. दोन्हीकडे चार-चार ओळी: पहिली गादीवर (सोलापुरात चादरींना काय तोटा), दुसरी खुर्चीवर, तिसरी एक फूट लेव्हलवर, चौथी दोन फुटांवर आणि तिच्या मागे कठडा. ओळीत 18 धरले तर 144 माणसं. सगळ्यांना सपाट जमिनीवर बसवलंत तर तिसऱ्या ओळीपासून जमिनीवरचं काम दिसत नाही. मग ते उभे राहतात, लोकांना वाटतं प्रयोग रंगला!

रॅम्पवर जाजम अंथरू नका. गिरकीत पाय अडकून गुडघा जातो. प्लायवर गुळगुळीत व्हिनाइल, सांध्यांना कापडी टेप.

साउंड: दोन मोठे स्पीकर पुढे ठेवून चालणार नाही, नट त्यांच्या समोर आला की शिट्टी मारतातच. रॅम्पच्या कडेने छोटे चार-सहा, तोंड प्रेक्षकांकडे. मुख्य स्पीकर वेगळा ठेवलात तर त्यापासून 12 मीटरवरच्या जोडीला साधारण 35 मिलिसेकंदांचा डिले द्या, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडा, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतो.

मुरारजीपेठ
मालक, शिट्टीला घाबरून विचार चाललाय, पण मुळात लावणीचा प्रेक्षक डोळ्यासमोर ठेवू नका. लावणीत दाद नाचणारीला असते. बॉलमध्ये घराण्याघराण्यांची चुरस असते, 'हाउस' म्हणतात. परीक्षक दहाची पाटी दाखवतात नाहीतर बाद करतात, आणि ओरडणारा आपल्या घराण्यासाठी ओरडतो. आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर कलगी-तुरा. शक्तीवाले एका बाजूला, शिववाले दुसऱ्या, सवाल-जवाब, आणि प्रेक्षक आधीच वाटलेले. राम जोशींच्या गावात हे वेगळं सांगायला नको.

दारातच प्रेक्षक दोन घराण्यांत वाटा. तिकिटाबरोबर रंगीत पट्टी द्या आणि डावी-उजवी बाजू ठरवून बसवा. बाजू मिळाली की हाताची घडी सुटते.

सातरस्ता
पट्टीची युक्ती लई भारी! पंखे कुठले घ्यायचे? आणि क्लिपमध्ये माइकवर सतत बोलणारा माणूस असतो, तो आपल्याकडे कोण?

ढोलकीचा_कान
पंखा बांबूच्या काड्यांचा, कापडी, काडी फूटभर किंवा थोडी जास्त. कागदी पंखा वाजत नाही आणि मध्यंतरापर्यंत फाटतो. सगळ्यांना देऊ नका, दर पाचव्याला एक पुरे. दीडशे पंख्यांत ठेका बुडेल.

माइकवरचा म्हणजे कॉमेंटेटर. तालावर बोलतो, नाव पुकारतो, लोकांना चढवतो आणि गरज पडली की गप्प करतो. कुठल्याही निवेदकाला उभं करू नका, शाहिराला उभं करा. 'जेलिकल बॉल'मध्ये गसचं, म्हणजे म्हाताऱ्या नट-मांजराचं, काम ज्युनिअर लाबेजांनी केलं, ते बॉलचे मुरलेले कॉमेंटेटर. 1990 च्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटातला पुकारा त्यांचाच. माइक तारेचा, हातातला, वेगळ्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची त्याची पट्टी वेगळी. पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं त्याने लोकांकडून तीनच गोष्टी करून घ्यायच्या: आघातावर पंखा, डिपवर ओरडा, आणि त्याने हात वर केला की शांतता. तिसरी सगळ्यात जास्त वेळा घोटा.

पडद्यामागे
यातली एक गोम. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून (नाटकांचं सेन्सॉर) प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि कॉमेंटेटर उत्स्फूर्त बोलणार. त्याच्या पुकाऱ्यांचा साठा, चाळीस-पन्नास ओळी, संहितेतच लिहून द्या आणि त्यांतूनच निवडू द्या. मोकळ्या मैदानात करायचं ठरलं तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, म्हणून साडेसहाला सुरू करा.

मुरारजीपेठ
ज्याची खरी धास्ती आहे त्यावर कोणी बोललं नाही. पुरुष साडीत आला किंवा तृतीयपंथी कलाकार आली की मागून एक घाणेरडा शब्द येतो आणि त्यावर हशा पिकतो. बॉलरूम उभीच राहिली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ट्रान्स आणि समलिंगी लोकांनी, त्यांना बाहेर दार बंद होतं म्हणून. 'हाउस ऑफ लाबेजा' उभारणाऱ्या क्रिस्टल लाबेजांनी आधी 1967 च्या सौंदर्यस्पर्धेत गोऱ्या स्पर्धकांना झुकतं माप दिल्याचा जाहीर आरोप केला होता. हे पत्रकात चार ओळींत लिहा. त्या शब्दाला उत्तर नटाने द्यायचं नाही, कॉमेंटेटरने द्यायचं, त्याच तालात, आणि पुकारा लगेच पुढच्या नावावर न्यायचा. ठेका थांबवून भाषण दिलंत तर तो शब्द उच्चारणाराच नायक होतो.

शेवटचं गाणं ठेक्याशिवाय ठेवा. तिकडे ग्रिझाबेला या सगळ्यांनी टाकलेल्या मांजरीचं काम टेम्प्रेस चॅसिटी मूर या बॉलमध्ये घडलेल्या ट्रान्स कलाकाराकडे होतं, आणि 'मेमरी' हे गाणं तिच्या वाट्याला. पंखे खाली ठेवायची खूण कॉमेंटेटरने आदल्या गाण्याच्या शेवटच्या आवर्तनातच करावी. गाणं सुरू झाल्यावर केली तर पहिल्या दोन ओळी पंखे मिटण्याच्या खडखडाटात जातात.