रेबेका वाचून संपली, आता सिनेमा कुठला बघू? (शेवट फुटणार आहे, न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरा)

अर्धवट_वाचक:
काल रात्री दोनला डॅफ्ने द्यू मॉरिएची 'रेबेका' संपवली, डोकं अजून मॅक्सिमच्या त्या मॅन्डर्ली वाड्यातच आहे. मॅक्सिम पहिल्या बायकोला, रेबेकाला, सरळ गोळी घालतो आणि तरी आपण तो सुटावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो, हे लक्षात आल्यावर स्वतःचीच भीती वाटली. सिनेमात हे ठेवलंय का गोडगोड केलंय?

रात्रपाळी:
हिचकॉकचा १९४० चा बघ पण गोळी विसर. तेव्हा हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांत बायकोचा खून करून नवरा मोकळा फिरतोय हे चालायचंच नाही, म्हणून तिथे रेबेका अडखळून पडते न् डोकं आपटून मरते, झालं, मॅक्सिम बिचारा. पण वाड्याची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स, तिच्यासाठी तरी बघच. मेलेल्या मालकिणीच्या झिरझिरीत गाऊनच्या आत हात घालून दाखवते ना, बघा कसा आरपार दिसतो, तिथे मी लॅपटॉप बंद केला होता.

धुक्यातली_मावशी:
अरे आपला 'कोहरा' (१९६४) कोणीच म्हणेना? वहिदा, विश्वजीत, संगीत हेमंतकुमारचं, आणि डॅनव्हर्सच्या जागी आपली ललिता पवार!! खाष्ट सासू सगळ्यांनी पाहिलीय, पण इथे ती नुसती येऊन उभी राहिली तरी पोटात गोळा येतो. एकच तक्रार, वहिदाच्या पात्राला नाव दिलंय. पुस्तकात गोष्ट सांगणाऱ्या पोरीला, म्हणजे मॅक्सिमच्या दुसऱ्या बायकोला, नावच नाही आणि रेबेकाची सही असलेलं पान फाडून जाळलं तरी तो तिरका 'आर' तिच्या डोक्यातून जात नाही, ती गंमत नाव दिल्यावर निम्मी जाते.

अर्धवट_वाचक:
आईशप्पथ, ललिता पवार! आणि नेटफ्लिक्सवाला कसा आहे?

रात्रपाळी:
२०२० चा. गोळी परत आणलीय पण उपयोग काय, पुस्तकातला मॅक्सिम ४२ चा, पोरीच्या दुप्पट वयाचा, आणि इथे हळदीच्या रंगाचा सूट घालून देखणा तरुण हिंडतोय, त्याला कोण घाबरणार.

धुक्यातली_मावशी:
समुद्र छान दिसतो त्यात. इस्त्री करताना लावायला बरा.

अर्धवट_वाचक:
मग आज कोहराच. दुपारी बघेन पण, रात्री घरात एकटीच आहे.