अनुभव सांगा: तुमचं कोंबडीचं पिल्लू शेवटी कोणत्या जातीचं निघालं?

मिश्र पिल्लांची पेटी आणली. सोबत जातींची यादी होती, पण कोणतं पिल्लू कोणतं हे काही त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नाही. आता सहा आठवड्यांची झालीत, अर्धी लव, अर्धी पिसं, अवतार बघवत नाही. त्यातली तीन काळी ऑस्ट्रालॉर्प आहेत असं मी ठरवूनच टाकलंय. तुम्ही कशावरून ओळखलंत आणि कुठे फसलात, ते लिहा. नुसतं जातीचं नाव नको, खूण सांगा.

तुरेवाला
ठरवून टाकू नका. काळ्या पिल्लांनी मला सगळ्यात जास्त दमवलंय. ऑस्ट्रालॉर्पचं पिल्लू जन्मतः पूर्ण काळं नसतंच. पोट आणि पंखांची टोकं पिवळट पांढरी असतात. पहिल्या वर्षी मी त्यालाच भेसळ समजलो होतो. नंतर पिसं आली आणि सगळं काळंभोर झालं. जर्सी जायंटचं पिल्लूही तसंच दिसतं, त्यामुळे लवेवरून काही ठरत नाही. पिल्लू हातात घ्या, उलटं करा आणि तळवे बघा. ऑस्ट्रालॉर्पचे तळवे पांढरट, जर्सी जायंटचे पिवळे. कडकनाथ असेल तर गोष्टच वेगळी: तिथे पिसांखालची कातडीही काळी असते. पिसं फुंकर मारून बाजूला केली की दिसतं.

पाचही कोंबडे
माझं नावच माझा अनुभव आहे. एका ओळखीच्यांकडे काळी पिल्लं होती. काहींच्या डोक्यावर पांढरट ठिपका, काही साधी. ठिपकेवाली गोड दिसली म्हणून तीच पाच निवडली. पाचही आरवले! नंतर कळलं की बाप ऱ्होड आयलंड रेड आणि आई पट्टेरी प्लायमाउथ रॉक होती. पट्ट्यांच्या जनुकामुळेच पिल्लाच्या डोक्यावर ठिपका येतो. ते लिंगगुणसूत्रावर असतं आणि आई ते गुणसूत्र फक्त मुलग्यांना देते. म्हणून या संकरात ठिपका फक्त नरांना. ही ठरावीक मायबापांची जोडी सोडली तर ही खूण चालत नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी मला शिव्या घालेल.

शुद्ध प्लायमाउथ रॉकमध्ये ठिपका दोघांनाही असतो. नराचा मोठा आणि पसरट, मादीचा लहान. पुढे पिसं आल्यावर नर फिकट दिसतो, कारण त्याच्याकडे ते जनुक दोनदा असतं आणि मादीकडे एकदाच.

खुडूकमाय
पट्टेरी दिसलं की प्लायमाउथ रॉक म्हणायची मलाही खोड होती. माझ्या चारांपैकी एकीचे पाय गुलाबीसर पांढरे निघाले, ती कुकू मारान्स. एकीचा तुरा उभा करवतीसारखा नव्हता, डोक्यावर चपटा बसलेला आणि खरखरीत होता, ती डॉमिनिक. खरी प्लायमाउथ रॉक दोनच: पाय पिवळे, तुरा एकेरी, म्हणजे उभा करवतीसारखा. तेव्हापासून मी रंग शेवटी बघते.

मोजूनघ्या
बोटं मोजा. बहुतेक कोंबड्यांना चार असतात. सिल्की, फॅव्हरोल, डॉर्किंग, हूदां यांना पाच. पहिल्या दिवसापासून दिसतात.

दाढीवाली
आमच्याकडे अमेरौकाना म्हणून आलेलं पिल्लू. गालांवर कल्ले, हनुवटीखाली दाढी, बुटका वाटाण्यांच्या ओळींसारखा तुरा, सगळं जुळत होतं. फक्त पाय हिरवट. अमेरौकानाचे निळसर राखाडी हवेत. म्हणजे ईस्टर एगर, ज्याला जात म्हणत नाहीत, हिरवी-निळी अंडी देणाऱ्या संकराचं ते चालू नाव आहे. थोडी हिरमुसले. नंतर अंडं आलं तेही हिरवं, आणि राग गेला.

खुडूकमाय
अगं, निदान तुझं नाव तरी सापडलं. माझ्या कोंबडीखाली मी तीन घरांतली अंडी ठेवली होती. त्यातल्या एकाला पायांवर पिसं, मान उघडी आणि गळ्यासमोर पिसांचा एक झुपका. झुपका म्हणजे उघड्या मानेचं जनुक मायबापांपैकी एकाकडूनच आलेलं. पायांवरची पिसं ब्रह्मा जातीकडून की कोचीन जातीकडून, देव जाणे. त्याला मी जात शोधणं सोडून दिलं.

गप्प बसा राव
पांढरं लेगहॉर्न समजून आणलेलं एक पिवळं पिल्लू. चौथ्या आठवड्यात बाकीच्यांच्या दुप्पट, पाय जाडजूड, सारखं खाण्याच्या भांड्यापुढे बसून. ब्रॉयलर होतं. लेगहॉर्न त्या वयात शिडशिडीत असतं आणि पिसं कधीच भरलेली असतात.

धागाकर्ती
तळवे पाहिले. तिघांना धरताना हातावर ओरखडे आले ते वेगळं. दोघांचे पांढरट. तिसऱ्याचे पिवळेधमक, पायही बाकीच्यांपेक्षा जाड.

तुरेवाला
एकेरी तुरा आहे ना? पायांवर पिसं नाहीत? मग जर्सी जायंट असू शकतं, यादीत आहे का बघा. संकरही असू शकतो.

धागाकर्ती
आहे यादीत. तुरा एकेरी, पायांवर पिसं नाहीत. कोंबडा निघाला तर साडेपाच-सहा किलोपर्यंत जातो म्हणतात. खुराड्याचं दार आताच रुंद करून घेते.