पितळेच्या मालात झिंक निघतं, भाव पडतो. निवडायचं कसं?

प्रश्न : कळमना_माल
नागपूरला कळमन्याजवळ भंगारासाठी छोटी जागा घेतली आहे. प्लंबर आणि फेरीवाल्यांकडून जुन्या तोट्या, व्हॉल्व्ह, कुलपं, मोडकी भांडी असा माल एकाच भावात उचलतो. पुढचा व्यापारी "यात झिंक आहे" म्हणून सगळ्या गोणीचा भाव पाडतो. चुंबक तर लावूनच घेतो. मग झिंक येतं कुठून? आणि माल वितळवून लाद्या ओतल्या तर जास्त पैसे सुटतील का?

उत्तर : कानस_घासा
भाऊ, चुंबक फक्त लोखंड पकडतो. झिंकला तो चिकटतच नाही, त्यामुळे वरून क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेल्या झिंकच्या तोट्या सरळ तुमच्या गोणीत जातात. तोटीच्या मागच्या बाजूला, आट्यांजवळ कानस मारा. पण एका घाशावर थांबू नका. झिंकच्या तोटीवर क्रोमखाली निकेल आणि त्याखाली तांब्याचा पातळ थर असतो. पहिल्या घाशात तोच लालसर दिसतो आणि माणूस फसतो. पाच-सहा घासे मारून आतलं अंग उघडं करा. पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर झिंक. तुटलेली तोटी असेल तर तुटीवरच बघा. झिंकची तूट राखाडी, दाणेदार असते.

तरी शंका राहिली तर पाण्याचा काटा. ग्रॅम दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याची बादली ठेवून आकडा शून्य करा. नग आधी कोरडा तोलून घ्या, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवा. तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, आतली हवा हलवून काढा. काटा दाखवेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. ४२० ग्रॅमचा नग ५० दाखवत असेल तर ८.४, म्हणजे पितळ. तोच ६३ दाखवत असेल तर ६.७ च्या आसपास, म्हणजे झिंक. आतलं प्लास्टिक, रबर आणि लोखंडी स्क्रू आधी काढा, नाहीतर हिशेब चुकतो.

उत्तर : उतारा_बघा
खरा घोळ एकाच भावाने घेण्यात आहे. भाव नंतर, आधी उतारा, म्हणजे मालातून खरं पितळ किती निघतं ते. समजा ४०० रुपयांनी घेतलं आणि १०० किलोत ८५ किलो पितळ निघालं, तर पितळ ४७० ला पडलं. पुढे ५०० ला गेलं तर किलोमागे ३० रुपयेही उरत नाहीत, त्यातून हमाली आणि गाडीभाडं वेगळं. नवीन माणसाकडून घेताना गोणीतला ५ किलो माल त्याच्यासमोर फोडा, तोला आणि मग भाव बोला.

ढीग वेगळे करा. स्वच्छ पिवळं पितळ एकीकडे. क्रोमचं पितळ सुटं ठेवा, घेणारा चालवत असेल तर पिवळ्यात जातं. लालसर, जड व्हॉल्व्ह बहुधा गनमेटलचे असतात. त्यात तांबं ८५-८८ टक्क्यांपर्यंत आणि वर कथील, म्हणून पिवळ्यात टाकलेत तर तुमचंच नुकसान. रेडिएटर वेगळे, कारण त्यांचे जोड शिसं-कथलाने डाखलेले (सोल्डर केलेले) असतात. लेथवर पितळ कातताना पडलेला बुरादा ओला घेऊच नका. एक किलो नमुना उघड्यावर लोखंडी तव्यात तापवा, तेलाचा धूर थांबला की पुन्हा तोला, मग चुंबक फिरवा. जी घट येईल ती भावातून कापा.

समया आणि पोकळ मूर्ती उलट्या करून बघाच. बुडात लाख, माती, कधी सिमेंट भरलेलं असतं. कुलपाची कडी पोलादी, आत स्प्रिंगा, म्हणून कुलूप अख्खं विकू नये. आणि जुनी जड गुंडं, घंगाळं धड असतील तर चेपू नका. भांडं म्हणून गिऱ्हाईक मिळालं तर मोडीपेक्षा जास्त देतं.

उत्तर : भट्टी_नको
लाद्या ओतू नका. पितळातही तांब्याबरोबर जस्त, म्हणजे झिंकच, असतं. ते ९०७ अंशांना उकळतं आणि पितळही साधारण तेवढ्याच तापमानाला वितळतं. तापमान थोडं चढलं की पांढरा धूर सुटतो, तो तुमचं जस्तच उडून चाललेलं असतं. तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वर लादीत काय आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो कमीच भाव धरतो. सुटा, निवडलेला माल डोळ्यांना दिसतो, त्याचेच पैसे येतात.

कागदांचंही सांगतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून भंगार घेताना १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. क्रेडिट मिळतं, म्हणजे तो नंतर तुमच्या करातून वळता होतो, पण आधी रोख लागते. पाण्याचे मीटर, रेल्वेचे सुटे भाग, काडतुसांच्या पुंगळ्या दारातूनच परत पाठवा. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, आणि पुंगळ्यांत एखादं जिवंत काडतूस असू शकतं. बाकी मालाला देणाऱ्याचं नाव, ओळखपत्राचा नंबर, तारीख आणि वजन वहीत हवंच.

कळमना_माल
काशाच्या ताटल्या पितळात चालतील का?

उतारा_बघा
नाही. काशात २०-२२ टक्के कथील असतं, त्याचा भाव पितळापेक्षा वरचा. बोटाने टिचकी मारा, काशाचा नाद लांबत जातो, पितळाचा लवकर बसतो. फुटका तुकडा असेल तर वाकवून बघा. पितळाचा पत्रा वाकतो, कासं कडकन तुटतं.