लहानपणी तुमच्या घरचं घड्याळ कशावर चालायचं? नाशिककरांसाठी अनुभव धागा

बालपणीच्या आठवणी काढा म्हटलं की गोट्या, विटीदांडू, चिंचा-बोरं आणि उन्हाळ्यातली गच्ची निघतेच. ती सगळ्या महाराष्ट्राची सारखीच. म्हणून इथे जरा अडचणीची अट घालतो. नाशिक शहरात किंवा जिल्ह्यात वाढला असाल तर एवढंच सांगा: तुमच्या घरचा दिवस, घरचं वर्ष कशाच्या तालावर चालायचं? भिंतीवरचं घड्याळ आणि कालनिर्णय सोडून. ‘तेव्हा माणसं किती चांगली होती’ हे नको, माणसं तेव्हाही भांडायची. सुरुवात मी करतो.

जुनं नाशिक

आमचा वाडा तांबटांच्या वस्तीला लागून. सकाळी आठ-साडेआठला ठोके सुरू. एकाचा हातोडा जड, भांड्याच्या बुडावर पडणारा, तर दुसऱ्याचा हलका, मठारकामाचा. आई नुसत्या आवाजावरून सांगायची, आज हंडा चाललाय की घागर. खरं असायचं की नाही देव जाणे, पण तिला खोटं पाडायची हिंमत कुणात नव्हती. दुपारी ठोके थांबले की आमच्याकडे पानं मांडली जायची. नव्या पाहुण्याचं पहिल्या दिवशी डोकं उठायचं, आणि सुट्टीच्या दिवशी आवाज नसला की आमची दुपारची झोप मोडायची.

पावसाळ्यात मात्र हुकूम गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा. घरातलं कुणीतरी आधी रामकुंडाकडे जाऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघून यायचं आणि दारातूनच ओरडायचं. ‘गुडघ्याला!’ म्हणजे शाळा आहे, दप्तर उचला. ‘कमरेला!’ म्हणजे घाटावरचा बुधवारचा बाजार विसरा, आज कडधान्याची उसळ. ‘गळ्याला!’ म्हटलं की काका चपला घालून सराफ बाजाराकडे पळायचे, ओळखीच्या दुकानांतला माल वर चढवायला. मारुती बुडाला आणि पाणी नारोशंकराच्या देवळावरच्या, वसईहून आणलेल्या त्या पोर्तुगीज घंटेला लागलं, की महापूर. आजीने 1969 चा महापूर बघितलेला असल्यामुळे नंतरचे सगळे पूर तिच्या हिशेबी चिल्लर. 2008 च्या सप्टेंबरात मारुती दिसेनासा झाला तेव्हा मी घाबरून परगावाहून फोन केला, तर म्हणाली, ‘घंटा वाजली का? नाही ना? मग जेवून घे.’

आणि रंगपंचमी. धुळवडीला आमच्याकडे वीरांची मिरवणूक निघते, रंग पाच दिवसांनी. रस्त्याच्या पोटात पेशवाईपासूनचे दगडी हौद आहेत, त्या रहाडी. वर्षभर बुजवलेल्या, वरून रिक्षा-सायकली चाललेल्या. सणाच्या आधी उकरतात, धुतात, पूजा करतात आणि रंगाने भरतात. मग काठावरून आत धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: तिवंध्याचा पिवळा, शनि चौकाचा गुलाबी. रंग असा पक्का की पुढचे काही दिवस वर्गात कोण कुठल्या रहाडीत बुडून आलंय ते कानामागे बघून कळायचं. मला सक्त ताकीद असायची की तिवंध्यापलीकडे जायचं नाही. गुलाबी कान घेऊन घरी आल्यावर खोटं बोलायची सोयच नव्हती.

पंचवटीतून, थोडक्यात

तुमच्या काठावरून मारुती दिसत असेल, आमच्याकडे निरोप यायचा तो भाजीवाल्या मावशींकडून. त्या हातगाडी घेऊन वर पंचवटी कारंजाकडे सरकल्या की समजायचं, पूर येतोय. सरकारी इशारा त्यानंतर.

नाशिकरोड

आमचं घड्याळ प्रेसचा भोंगा. सिक्युरिटी प्रेस 1925 ची, नोटांचा छापखाना 1928 चा, त्यामुळे आमच्या बाजूला आजोबा, वडील, मुलगा असे सगळे प्रेसवाले असलेली घरं ढिगाने. भोंगा झाला की अख्ख्या गल्लीतल्या सायकली एकदम बाहेर आणि सुटल्यावर एकदम आत. आईचा कुकर भोंग्याआधी चढला नाही तर त्या दिवशी डब्यात पोळी-लोणचं.

शाळेत नेहमीचा विनोद: ‘तुझे बाबा नोटा छापतात ना, मग वडापाव तू दे.’ बाबा नोटांकडे नव्हतेच, टपाल तिकिटांकडे होते. पण कामाबद्दल घरात चकार शब्द नाही. काय छापलं, किती छापलं, काही नाही. फाटकावर रोज झडती देऊन यायचे. कामाची सवय मात्र हातात राहिलेली. मला नवी वही आणली की द्यायच्या आधी अंगठ्याने पानं सोडत मोजायचे, डोळे मिटून, ओठ न हलवता. एकदा दोनशे पानी वहीत एकशे शहाण्णव भरली. मला घेऊन दुकानात गेले आणि काउंटरवर पुन्हा मोजून दाखवली. दुकानदार म्हणाला, साहेब, चार पानांनी काय होतं? बाबा म्हणाले, आमच्याकडे एका कागदासाठी अख्खा सेक्शन थांबवतात. वही बदलून मिळाली. मी लाजेने बाहेर सायकलपाशी उभी.

दसऱ्याच्या दिवसांत गांधीनगरची रामलीला. ती बघायला मिळणार की नाही हे सहामाहीच्या अभ्यासावर. त्यापेक्षा जास्त धाक मला आजवर कुणी घातलेला नाही.

देवळाली कॅम्प

आमचं सोपं. शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या की तोफखान्याचा सराव सुरू झाला. आई त्या आवाजावर कणिक मळायला घ्यायची. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सिडको

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील अंबडच्या कारखान्यात लागले आणि आम्ही सिडकोच्या स्कीममध्ये आलो. अख्ख्या लायनीचं वेळापत्रक फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्टवर. थर्डचा आठवडा म्हणजे सकाळी नाना घरी येऊन झोपणार, आणि दोन खोल्यांत आम्ही तीन भावंडं. आई दारातच बोट नाचवायची: ‘गलबला करू नका रे, नाना जपेल शेतस.’ म्हणजे झोपलेत.

त्या आठवड्यात आम्ही टीव्हीवर क्रिकेट आवाज बंद करून बघायचो. आवाज शेजारच्यांचा. भिंत सामाईक, त्यामुळे तिकडून ‘गेलाऽऽ’ ऐकू आलं की विकेट. त्यांच्या अँटेनाला चित्र खराब यायचं म्हणून त्यांचा मुलगा आमच्याकडे येऊन बसायचा, स्वतःच्याच घरातली कॉमेंट्री भिंतीतून ऐकत. आज सांगितलं तर पोरांना पटत नाही.

वर्षाचं घड्याळ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लायनीतली खापरं त्या दिवशी बाहेर निघायची. मागच्या बोळात तीन विटा मांडून चूल, वर पालथं खापर. पुरण भरलेला गोळा आई आधी पोळपाटावर लाटायची, मग दोन्ही हातांवर घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत वाढवायची. मांडा इतका पातळ होत जायचा की त्यातून पुरणाचा पिवळा रंग दिसायचा, आणि आता फाटतो की मग फाटतो म्हणताना ती तो अलगद खापरावर टाकायची. फाटला तर तो पहिला आमचा. आम्ही सगळे मनातल्या मनात फाटायचीच वाट बघायचो. शेजारच्या कोल्हापूरच्या काकूंना हे प्रकरण कधी जमलं नाही, पण खायला सगळ्यात आधी त्या.

निफाड तालुका

तुमच्याकडे भोंगे, आमच्याकडे छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, या दोन खुंट्यांवर आमचं वर्ष टांगलेलं. लग्न काढायचं तर आधी विचार, बाग कुठल्या स्टेजला आहे? मामाच्या मुलीची सुपारी याच कारणाने दोनदा पुढे गेली. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत वडिलांशी बोलायचं ते फक्त आभाळाविषयी. दिवाळीत ढग आले की फराळाचं ताट तसंच ठेवून ते आधी बागेत जाऊन पानं उलटून बघणार, डाऊनी हा बुरशीचा रोग आला का. फटाक्यांचे पैसे त्या पानांच्या मागच्या बाजूवर ठरायचे.

डिपिंगला आम्ही पोरंपण. मगात जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं पाणी घ्यायचं, घडाखाली धरायचं, घड पूर्ण बुडवायचा, काढायचा, हलका झटका द्यायचा आणि पुढचा. वाटतं सोपं. पण मांडव डोक्याच्या वर, त्यामुळे पाणी मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आणि तिथून बंडीत. थंडीचे दिवस. दुपारपर्यंत मान वर करून करून अशी आखडायची की शाळेत फळ्याकडे बघणं सुखाचं वाटायचं. आजी मागून एकेक घड तपासत यायची आणि राहिलेला दिसला की नाव घेऊन हाक. तिला कुणाची ओळ कुठली ते न लिहिता पाठ.

मग मण्यांत पाणी भरलं की पेपर लावायचे. उन्हाने, थंडीने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून प्रत्येक घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. वाचनाची गोडी मला तिथे लागली. अर्धी बातमी या घडावर, उरलेली कुठे गेली ते शोधत ओळभर फिरायचो. एका रहस्यकथेचा शेवट पाहिजे म्हणून मी बहिणीने बांधलेले घड सोडून बघितले होते, तेव्हाचा मार अजून लक्षात आहे.

निफाडची थंडी आता बातम्यांत येते, तेव्हा ती आमच्या घरात यायची. पारा उतरला की पहाटे तीन-चारला वडील सगळ्यांना उठवणार. बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, पाणी सोडायचं. आम्ही घोंगड्या पांघरून शेकोटीला बसायचो, आई तिथेच चहा करायची आणि चुलते भुताच्या गोष्टी सांगायचे. बागेसाठी केलेल्या त्या जाळावर मजा आमची व्हायची. वडिलांच्या चेहऱ्याकडे बघायचं वय ते नव्हतं. एका वर्षी व्यापारी माल घेऊन पैसे न देता गेला, त्या वर्षी दोघा भावांत मिळून एकच गणवेश शिवला. मी सकाळच्या शाळेत, तो दुपारच्या, म्हणून निभलं.

सीझन पासवाल्याची मुलगी

आमचं घड्याळ पंचवटी एक्स्प्रेस. गाडी 1975 पासूनची, बाबा त्यानंतर लवकरच पासवाले झाले. सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोड, नोकरी मुंबईत, रात्री दहाच्या आसपास परत. रोज. मी शाळेला उठायच्या आत ते गेलेले आणि झोपल्यावर आलेले. मग आमचा पत्रव्यवहार चालायचा. फ्रीजवर नव्हे, फ्रीज नव्हताच, पिठाच्या डब्यावर चिठ्ठी ठेवायची: ‘गणितात 38/50. सही हवी. रागावू नका.’ सकाळी सही झालेली आणि खाली त्यांचं अक्षर: ‘कसाऱ्यात पोचल्यावर रागावतो.’

रविवारी ते घरी असायचे तर आम्हाला पाहुणे आल्यासारखं वाटायचं. आणि त्यांना करमायचं नाही. त्यांचं खरं घर त्या डब्यातलं: ठरलेली जागा, भजन, पत्ते, कुणाच्या मुलीसाठी स्थळ, कुणाला रक्त पाहिजे. दसऱ्याला गाडीची पूजा असायची, तेव्हा मला एकदा बरोबर नेलं होतं. इंजिनाला हार-तोरणं, पेढे. येताना घाटात गाडी वर ढकलायला मागून बँकर इंजिनं लागली तेव्हा डब्यातला प्रत्येक काका मला तेच समजावून सांगत होता, आणि बाबा अभिमानाने प्रत्येकाला सांगू देत होते.

माझं लग्न ठरलं तेही त्याच डब्यात. त्याविषयी वेगळा धागा काढावा लागेल.

सिंहस्थातले पाहुणे

आमच्या घराचं घड्याळ बारा वर्षांनी एकदाच वाजायचं, पण सगळ्यांना उठवायचं. 1991 च्या सिंहस्थात आमच्याकडे आलेल्यांपैकी निम्म्यांशी नातं काय ते आजोबांनाही सांगता येत नव्हतं. ‘मी तुमच्या चुलत वहिनीच्या माहेरचा’ एवढ्यावर गादी मिळायची. आम्ही मुलं जिन्यात झोपायचो. आई सकाळी पोह्यांना बादलीभर पाणी लावायची, हे वाढवून सांगत नाही.

पण खरी गंमत आत्याच्या लग्नाची. गुरू सिंहेत असताना लग्न करायचं नाही, आणि मुलाकडच्यांना घाई. आजोबांनी पंचांग उघडलं, गुरुजी बसले. गुरुजी म्हणाले, हा दोष गोदावरीच्या उत्तर काठापासून भागीरथीपर्यंत, दक्षिणेला नाही. आमचं घर पंचवटीत, म्हणजे दोषात. आजोबांच्या मेव्हण्यांचा वाडा जुन्या नाशकात, म्हणजे निर्दोष. पूल ओलांडला की मुहूर्त! वऱ्हाड व्हिक्टोरिया पुलावरून पलीकडे गेलं आणि लग्न लागलं. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की जेवणावळ अलीकडे ठेवली तेवढी चूक झाली.

ओझर टाउनशिप

आमच्याकडे मिग लढाऊ विमानं. एचएएलचा कारखाना, विमानं चाचणीला उडायची. वर्गात बाई कविता शिकवत असल्या की मधेच आवाज सुरू, आणि बोलणं बंद. खडू हातात, तोंड अर्धवट उघडं, नजर छताकडे. आवाज विरला की बाई विचारायच्या, ‘गेला?’ आम्ही सगळे, ‘गेला!’ आणि त्या अर्ध्यावर राहिलेल्या शब्दाचा उरलेला भाग तिथून पुढे चालू. ‘...ळस’ हा शब्द मला कित्येक वर्षं स्वतंत्रच वाटत होता.