चर्चा: ७ए चे ठिपके मोजले म्हणजे इन्हिबिटरी सायनॅप्स मोजले का?

ठिपकेवाली

थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणातली एक ओळ बदलायची मी ठरवलं आहे आणि त्यावरून आमच्या लॅबमध्ये दोन तट पडलेत. ओळ अशी: 'इन्हिबिटरी सायनॅप्सची संख्या कमी झाली.' पुरावा काय, तर माझं संयुग दिल्यावर उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या पेशींच्या कल्चरमध्ये एमएबी ७ए या अँटीबॉडीचे (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूचे) ठिपके कमी दिसले.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक चेतापेशी दुसरीला चेतवते तशी थोपवतेही. थोपवणाऱ्या जोडांवर, म्हणजे इन्हिबिटरी सायनॅप्सवर, ग्लायसिनचे आणि गाबाचे रिसेप्टर असतात. त्यांना जागेवर धरून ठेवायला पेशीच्या पडद्याखाली आतल्या बाजूनं गेफायरिन नावाचं प्रथिन असतं. ग्रीकमध्ये 'गेफिरा' म्हणजे पूल, त्यावरून हे नाव. गेफायरिनवर अँटीबॉडी लावली की कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली डेंड्राइटच्या, म्हणजे पेशीच्या फांदीच्या, कडेनं बारीक ठिपके दिसतात आणि आपण सगळे ते ठिपके मोजतो.

अडचण अशी की ७ए सगळं गेफायरिन पाहत नाही. त्याच्या साखळीतल्या सेरिन २७० या जागी फॉस्फेट बसलेलं असेल तरच ती घट्ट चिकटते. हे २०१२ मध्ये छापून आलं आहे आणि तो फॉस्फेट सीडीके-५ हे कायनेज, म्हणजे फॉस्फेट बसवणारं एन्झाइम, बसवतं हेही त्याच कामात आहे. आता माझं संयुग कायनेज दाबणारं आहे! ठिपके कमी झाले ते सायनॅप्स गेले म्हणून, की सायनॅप्स जागच्या जागी आहेत आणि फक्त फॉस्फेट उतरला? माझ्या आकृतीवरून हे सांगता येत नाही. म्हणून ती ओळ खोटी नसली तरी माझ्या हातात तिचा पुरावा नाही, आणि असं असताना ती थिसिसमध्ये राहू नये असं मला मनापासून वाटतं.

जुना_कॉन्फोकल

मी या मताच्या विरुद्ध आहे आणि का ते नीट सांगतो.

७ए ही काल बाजारात आलेली बाटली नाही. १९८२ मध्ये हाइनरिश बेट्झ यांच्या गटानं उंदराच्या मज्जारज्जूतून ग्लायसिन रिसेप्टर शुद्ध केला, स्ट्रिक्निनला चिकटण्याच्या गुणावर. त्याच्याबरोबर ९३ किलोडाल्टनचं एक प्रथिन सतत येत राहिलं. १९८४ मध्ये त्यांनी मोनोक्लोनल अँटीबॉडी केल्या, ७ए त्यातलीच. १९८५ मध्ये अँटोइन त्रिये आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की ही खूण सायनॅप्सच्या पलीकडच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या पेशीच्या, पडद्याला आतून लागून आहे. त्या ९३ किलोडाल्टनच्या प्रथिनाला 'गेफायरिन' हे नाव मिळालं १९९२ मध्ये. म्हणजे प्रथिनाचं बारसं व्हायच्या आधीपासून ही अँटीबॉडी आपल्याला सायनॅप्स दाखवते आहे.

सायनॅप्सवरच्या गेफायरिनला फॉस्फेट असतो म्हणून ७ए सायनॅप्स इतके स्वच्छ दाखवते. पेशीत इतस्तत: पसरलेलं गेफायरिन ती फारसं उजळत नाही, हा तिचा गुणच आहे. सगळं गेफायरिन पकडणारी अँटीबॉडी लावा, पार्श्वभूमी वर येईल, थ्रेशोल्ड कुठे धरायचा यावरून दोन माणसांत दोन आकडे येतील. आणि इतक्या वर्षांची मोजणी ७ए वर झालेली असताना तुम्ही एकदम दुसरी अँटीबॉडी घेतलीत तर तुलना कशाशी करणार?

ठिपकेवाली

सर, सुदृढ, औषध न दिलेल्या पेशीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. प्रश्न तुलनेचा आहे. एका बाजूला कायनेज चालू, दुसऱ्या बाजूला बंद, आणि मोजपट्टी अशी की जी कायनेजवरच अवलंबून. झ्युरिचमधल्या त्यागराजन आणि फ्रिची यांचं २०११ चं काम आठवा. त्यांच्या मते जीएसके-३बीटा हेही कायनेज सेरिन २७० वर फॉस्फेट बसवतं, आणि लिथियमनं ते दाबलं की गेफायरिनचे पुंजके वाढतात. हे लिहिल्याप्रमाणे घेतलं तर फॉस्फेट उतरला की पुंजके वाढले. त्याच वेळी ७ए लावली असती तर तिनं काय दाखवलं असतं? कदाचित उलटच.

शिवाय अलीकडच्या बाजूनं, म्हणजे गाबा सोडणाऱ्या टोकांवर, मी व्हीगॅट या तिथल्या प्रथिनाचे ठिपकेही मोजले होते. ते तेवढेच आहेत.

जुना_कॉन्फोकल

व्हीगॅट तेवढंच आहे यावरून सायनॅप्स तेवढेच आहेत असं होत नाही. पलीकडची बाजू मागे घेतली गेली तरी अलीकडचं टोक बराच काळ टिकू शकतं. ज्या काटेकोरपणानं तुम्ही ७ए कडे पाहता तोच व्हीगॅटलाही लावा. मिनिएचर करंट, म्हणजे सायनॅप्समधून आपोआप येणारे बारीक विद्युतप्रवाह, नोंदवले आहेत का? त्यांची वारंवारिता घटली असेल तर तुमची मूळ ओळ बरोबर होती आणि तुम्ही ती विनाकारण खोडताय.

ठिपकेवाली

करंट त्या मात्रेला नोंदवलेले नाहीत. व्हीगॅटबद्दलची दुरुस्ती मान्य.

प्रश्नचिन्ह

ताई, मी एमएस्सीला आहे. अँटीबॉडी खरी की नाही हे तपासायला नॉकआउट उंदीर (ते जनुकच बंद केलेले) वापरतात असं शिकवलं होतं. गेफायरिनचा नॉकआउट घेऊन हा वाद मिटणार नाही का?

हाइडलबर्गकर

यांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, सध्या याच विषयावर इथे जर्मनीत काम करतोय.

गेफायरिनचा नॉकआउट १९९८ मध्ये झाला. ती पिल्लं जन्मल्यावर दिवसभरही जगत नाहीत. दोन कारणं एकत्र येतात: ग्लायसिन रिसेप्टर सायनॅप्सवर गोळा होत नाहीत, आणि यकृतासारख्या अवयवांत हेच प्रथिन मॉलिब्डेनमचा कोफॅक्टर तयार करायला लागतं, तेही बंद पडतं. (माणसांत या जनुकातल्या बिघाडानं मॉलिब्डेनम कोफॅक्टरच्या कमतरतेचा एक दुर्मीळ आणि जीवघेणा प्रकार होतो.) त्यामुळे प्रौढ नॉकआउटचा मेंदू मिळत नाही. जन्माआधीच्या भ्रूणातून चेतापेशी काढून कल्चर करता येतं, किंवा शॉर्ट हेअरपिन आरएनएनं गेफायरिनचं प्रमाण पाडता येतं.

पण इथे मुद्दा निसटू देऊ नका. नॉकआउटमध्ये ७ए चा ठिपका जाईलच आणि आपण खूश होऊ की अँटीबॉडी खरी. ती खरीच आहे, चुकीच्या प्रथिनाला चिकटत नाही. ठिपकेवाली वेगळा प्रश्न विचारतायत: योग्य प्रथिनाच्या कोणत्या अवस्थेला ती चिकटते? त्याला नॉकआउट पुरत नाही. त्यासाठी फिक्स केलेल्या (रसायनानं जागच्या जागी थिजवलेल्या) पेशींच्या कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेवर, लॅम्डा फॉस्फटेज हे फॉस्फेट उतरवणारं एन्झाइम घाला, शेजारच्या कव्हरस्लिपवर फक्त बफर, मग दोन्हीवर ७ए. आणि तिसरीवर फॉस्फेटची पर्वा न करणारी ३बी११ ही गेफायरिनचीच अँटीबॉडी.

या वादात मी ठिपकेवालींच्या बाजूचा आहे.

शीतपेटी

लॅबची खरेदी आणि फ्रीजर मी सांभाळते, म्हणून ही बाजूही ऐका. अशी एक बाटली आमच्याकडे ४०-५० हजारांच्या घरात पडते. ऑर्डर दिल्यापासून हातात यायला दीड-दोन महिने जातात. एकदा बर्फ पूर्ण वितळलेला डबा आला, बदलून मिळायला तीन महिने लागले, आणि त्या मुलीची सहामाही तशीच गेली. 'तीन अँटीबॉडी लावा, करंट नोंदवा' हे लिहायला सोपं आहे. ज्या लॅबकडे करंट नोंदवायची पॅच क्लॅम्प रिगच नाही, तिथल्या विद्यार्थ्यानं काय करायचं? एक चांगली, ओळखीची अँटीबॉडी नीट वापरली तर तेवढं काम प्रामाणिक मानलं जायला हवं. मी जुना_कॉन्फोकल यांच्याशी सहमत.

आणि स्टेनिंग बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा याहून साधं असतं. पीएफए या फिक्स करायच्या रसायनात रात्रभर ठेवलेल्या सेक्शनवर गेफायरिन दिसतच नाही, कारण या सायनॅप्सची प्रथिनं जास्त फिक्सेशननं झाकली जातात. उंदराच्या ऊतीवर उंदरातली अँटीबॉडी लावली की रक्तवाहिन्या उजळतात, ते वेगळंच. माझ्या पाहण्यातले निम्मे 'कमी झालेले ठिपके' फिक्सेशनच्या वेळेतल्या फरकाचे होते.

हाइडलबर्गकर

शीतपेटी, खर्चाचं दु:ख मला माहीत आहे, भारतात पाच वर्षं काढली आहेत. पण फॉस्फटेजच्या कंट्रोलला नवी बाटली लागत नाही. एन्झाइम बरेचदा कुठल्या तरी लॅबच्या फ्रीजरमध्ये सापडतं.

आणि खर्चाच्या हिशेबात दुसरी बाजूही धरा. २०२३ मध्ये वायकॅरॉस या उपक्रमानं ६५ प्रथिनांवरच्या ६१४ बाजारी अँटीबॉडी नॉकआउट पेशींवर तपासल्या. आपल्या प्रथिनाला ओळखूही न शकलेल्या अँटीबॉडी वापरून दर प्रथिनामागे सरासरी १२ पेपर छापले गेले होते. तेही कोणाच्या तरी ४०-५० हजारांतून आणि सहामाहीतून गेले. ७ए त्या यादीतली आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ती उत्तम आहे, म्हणूनच तिनं काय पाहिलं ते नेमक्या शब्दांत लिहावं.

ज्यांना कायनेजशी खेळायचंच आहे त्यांनी फिंगर पाहावं: २०१३ मध्ये डॉन अरनॉल्ड यांच्या गटानं केलेलं, जिवंत पेशीत गेफायरिनला चिकटणारं छोटं प्रथिन. फिक्सेशनचा प्रश्नच येत नाही.

जुना_कॉन्फोकल

फिंगर बाहेरून पेशीत घालावं लागतं. माणसाच्या शवविच्छेदनातल्या ऊतीवर काय करणार? तिथे अँटीबॉडीच लागेल. आणि मृत्यूनंतर गेलेल्या तासांत फॉस्फेट किती टिकतो, हा प्रश्न... हं, इथे मात्र ७ए बद्दल मलाच थांबावं लागतंय. शवऊतीवर दोन गटांची तुलना करताना ते तास जुळवले नसतील तर मी त्या आकड्यावर विसंबणार नाही.

ठिपकेवाली, आकृती काढू नका. मेहनतीची आहे आणि तिच्यात माहिती आहे. वाक्य बदला. पण कायनेजशी ज्यांचा संबंध नाही असे जुने पेपर सरसकट संशयित ठरवायला माझा विरोध कायम आहे.

ठिपकेवाली

आकृती ठेवते. जुन्या पेपरांबद्दल तुमचं-माझं जुळणार नाही असं दिसतंय, कारण औषध थेट कायनेजवर नसलं तरी पेशीची हालचाल वाढली-घटली की कायनेजही हलतात.

त्याच बॅचच्या सहा कव्हरस्लिप चार अंशांवर राखून ठेवल्या आहेत. दोन फॉस्फटेजला, दोन बफरला, दोन ३बी११ ला. ३बी११ शेजारच्या लॅबमधून पाच मायक्रोलिटर मागून आणली आहे, फॉस्फटेज आमच्याच फ्रीजरमध्ये निघालं. तोवर तिसऱ्या प्रकरणात वाक्य असं आहे: 'सेरिन २७० वर फॉस्फेट असलेल्या गेफायरिनचे पुंजके कमी झाले, व्हीगॅटच्या ठिपक्यांत फरक आढळला नाही.' फोटो आले की याच धाग्यात टाकते, तिन्ही जोड्या एकाच लेझर सेटिंगवर घेतलेल्या.