काळी पानं, पण मूळ दोष बुरशीचा नाही

म्हापशाच्या ताईंनी जास्वंदीची पानं काळी पडलीत म्हणून विचारलं, त्यावर कुणीतरी बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) सुचवलंय. सुपारीच्या कोळेरोगाला (फळं कुजतात तो) ते ठीक, इथे उपयोग नाही. ताई, ओल्या बोटाने पान पुसून बघा. काळं निघून खाली हिरवं दिसलं तर ती काजळी, म्हणजे पानावर वरवर वाढणारी काळी बुरशी. पिठ्या ढेकूण ही कीड रस शोषून चिकट गोड पाणी सोडते, त्यावर ती वाढते. शेंड्याची पानं चुरगळलेली, बेचक्यात कापसासारखं पांढरं आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल तर शंकाच नको.

आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच या किडीची राखण करतात. खोडाला कापडी पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. चुरगळलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कुंपणापलीकडे भिरकावू नका (आपल्याकडची आवडती सवय!). मग पाण्याचा जोरदार फवारा. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल, थोडा पातळ साबण, आठवड्याने पुन्हा.

एक मात्र बघा: त्या पांढऱ्यात एखादी मोठी, झालरवाली अळी भराभर चालताना दिसली तर तिला मारू नका. ती ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. ती असेल त्या फांदीवर फवारणी नकोच.