मदत हवी आहे : हापूसची काढणी झाल्यावर पावसाळ्यात कीड-रोगांची पाहणी कशी करावी?

सर्व जाणकारांना नमस्कार.

देवगड तालुक्यात कातळावर आमची हापूसची घरची बाग आहे. यंदाची काढणी मेअखेर आटोपली असून राखणीचे नेपाळी गडी गावी परतले आहेत. मिरगाचा पाऊस धरला की उरलेली माणसे भातलावणीला लागतील आणि मग थेट नवी पालवी फुटेपर्यंत कलमांकडे कोणी फिरकत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. पुढच्या हंगामाचे बरेचसे नुकसान याच महिन्यांत आत शिरते, असे मला ठामपणे वाटते, म्हणून या काळातील पाहणीबाबत आपला सल्ला हवा आहे.

मुख्य काळजी भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीची आहे. त्याचे भुंगेरे पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडून खोडाच्या सालीत अंडी घालतात आणि अळी कित्येक महिने आतला भाग पोखरत राहते, एवढे ठाऊक आहे. उन्हाळ्यात बुंध्याशी पडलेला भुसा सहज नजरेस येतो. पावसात मात्र तो एका सरीत धुऊन जातो, खोडावर शेवाळ धरते आणि भोक शोधणे अवघड होते. गेल्या आठवड्यात एका जुन्या कलमाची एकच फांदी पिवळी पडलेली दिसली, म्हणून बुंधा तपासला, तेव्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर, सालीच्या बेचक्यात, डिंकासारखा चीक आणि त्यात चिकटलेला ओला तांबूस भुसा सापडला. साल तासून भोक मोकळे केले, तारेच्या आकड्याने बोटाएवढी जाड, मळकट पांढरी अळी बाहेर ओढली, शिफारशीतल्या कीटकनाशकाचा बोळा आत सारला आणि भोक चिखलाने लिंपून घेतले. त्याच खोडात आणखी अळ्या आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? लिंपलेला चिखल पुन्हा फुटून ताजा भुसा बाहेर आला तर आत जिवंत अळी आहे, असे समजणे पुरेसे आहे का? आणि भर पावसात भुशाऐवजी दुसरी कोणती खूण विश्वासाने धरता येते?

हे आताच विचारण्याचे कारण कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून कलमांना दिले जाणारे वाढनियंत्रक (पॅक्लोब्युट्राझोल) आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते द्यावे लागते आणि ते निरोगी, जोमदार कलमांनाच द्यावे अशी शिफारस आहे. म्हणजे कोणते कलम पोखरलेले आहे हे त्याआधी कळायलाच हवे, नाहीतर आधीच खंगलेल्या झाडावर मोहोराचा भार टाकल्यासारखे होईल. संपूर्ण बागेतले प्रत्येक खोड या मुदतीत तपासणे माणसांअभावी शक्य होत नाही. तेव्हा आधी जुनी आणि पूर्वी भिरूड लागलेली कलमे घ्यावीत, की बागेच्या प्रत्येक भागातून काही कलमे निवडून तिथे कीड आढळल्यास शेजारची तपासावीत? तपासलेल्या कलमांना रंगाने क्रमांक घालून वहीत नोंद ठेवण्याचा विचार आहे. अशी नोंद कोणी ठेवत असल्यास त्यात काय काय लिहिता, तेही कृपया सांगावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात मांडतो. वाळलेल्या फांद्या आणि बांडगुळे आताच काढून कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावत आहोत, मात्र सततच्या पावसात ती किती टिकते आणि पुन्हा लावावी लागते का, याचा अनुभव हवा आहे. झाडाखाली कुजणारे आंबे गोळा करून खोल पुरले आहेत, कारण फळमाशीची अळी फळातून उतरून मातीतच कोष करते. झाडावर आता फळ उरलेले नसताना फळमाशी पकडणारे रक्षक सापळे तसेच ठेवण्यात काही अर्थ आहे का?

पालवीच्या वेळी, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलकिडे तपासण्यासाठी कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून पाहण्याची पद्धत मला उपयोगी वाटते. तुडतुडे मात्र मोहोर नसताना सालीच्या भेगांत दडून राहतात, त्यामुळे त्यांची संख्या कशी अजमावावी हे कळत नाही. औषधांची नुसती यादी नको आहे. फवारणी करायची की नाही हे ठरवण्यापूर्वी तुम्ही झाडावर नेमके कुठे आणि काय पाहता, ते समजून घ्यायचे आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ज्या बागायतदारांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या शिफारशी कातळावरच्या बागेत प्रत्यक्ष वापरून पाहिल्या आहेत, त्यांनी आवर्जून लिहावे. आमच्या बागेतली काही कलमे सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत लावलेली असून पावसाळ्यात त्यांच्या बुंध्याशी पाणी साचते. अशा कलमांवर भिरूड अधिक येतो का, याबद्दल कोणाचे निरीक्षण असल्यास तेही कळवावे. पोखरलेल्या खोडाची छायाचित्रे हवी असल्यास मी इथे देईन.